सायकेडेलिक थेरपी शोधताय? मग निदान या चुका तरी करू नका

पुण्यात एका मानसोपचार विभागात मी समाजसेविका आहे. ओपीडीच्या दाराला लागूनच माझं टेबल. गेली काही वर्षं या टेबलापाशी एक नवा प्रश्न येतो. माणूस आधी इकडेतिकडे बघतो, खुर्ची पुढे ओढतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "मॅडम, ते मशरूमवालं पुण्यात कुठे करतात?" म्हणजे सायकेडेलिक थेरपी: भास घडवणारी, जाणीव बदलणारी द्रव्यं देऊन मनाच्या आजारावर उपचार.

विचारणारे बहुतेक खरंच पिचलेले असतात. दोन-तीन गोळ्या बदलून झालेल्या, गुण नाही, घरचे कंटाळलेले. त्यांचा मला राग येत नाही. राग येतो तो सगळे त्याच त्या खड्ड्यात पडतात याचा.

"झाडाचं आहे, म्हणजे चालतं"

नाही चालत. मशरूममधलं सायलोसायबिन, एलएसडी, एमडीएमए, डीएमटी ही सगळी असलीच द्रव्यं, आणि ती १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. एलएसडीचं ०.१ ग्रॅम हे 'व्यावसायिक प्रमाण' धरतात. चिमूटभर मीठसुद्धा त्याहून जड असतं. आणि त्याला किमान १० वर्षं सक्तमजुरी आहे. आयाहुआस्का या दक्षिण अमेरिकेतल्या वनस्पतींच्या काढ्यात डीएमटी असतं, त्यामुळे 'आपल्या काढ्यासारखंच' हा युक्तिवाद पोलीस ठाण्यात करून बघू नये.

जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जामिनाच्या एका प्रकरणात म्हटलं की मशरूम म्हणजे मिश्रण नव्हे, म्हणून अख्ख्या मशरूमचं वजन न धरता त्यातलं सायलोसायबिन किती ते बघायला हवं. व्हॉट्सॲपवर येईपर्यंत त्याचं 'मशरूम लीगल झाली' असं झालं. वजन कसं मोजायचं याचा निकाल होता तो, खायची परवानगी नव्हे. हा फॉरवर्ड मला एका आठवड्यात चार जणांनी दाखवला, त्यातले दोघे इंजिनिअर.

मग आपल्याकडे काय उरतं? केटामाइन. जाणकार म्हणतील ते अस्सल सायकेडेलिक नाही. नसेल. पण मानसोपचारतज्ज्ञाकडे, दवाखान्यात, रीतसर मिळतं ते एवढंच. मूळचं ते भुलीचं औषध, कित्येक वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये वापरात असलेलं. नैराश्यासाठी ते शिरेतून हळूहळू सोडतात, साधारण ४० मिनिटं. दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, शेजारी सिस्टर. ना मंत्र, ना शेकोटी. काहींचा यानेच हिरमोड होतो.

गोळ्या स्वतःच बंद करणं

याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

मूळचा सांगलीचा, हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा. दोन वर्षं नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या. बरा नव्हता, पण कामावर जात होता. इन्स्टावर त्याला एक 'सेरेमनी' सापडली, म्हणजे आयाहुआस्कासारखं काही घ्यायची बैठक. मुळशीकडचं फार्महाऊस, दोन रात्री, पंचेचाळीस हजार, निम्मे आगाऊ. फोनवरच्या 'फॅसिलिटेटर'ने सांगितलं, पंधरा दिवस सगळी केमिकल्स बंद कर, शरीर शुद्ध व्हायला हवं. याने त्याच रात्रीपासून बंद केल्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी चक्कर यायला लागली. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं. झोप गेली. त्याने फोन केला तर उत्तर मिळालं, "टॉक्सिन बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे." नवव्या रात्री त्याने बहिणीला फोन करून बँकेचे पासवर्ड सांगायला सुरुवात केली. बहीण हुशार, तिने फोन चालूच ठेवला आणि दुसऱ्या फोनवरून त्याच्या रूममेटला उठवलं.

सकाळी वडील सांगलीहून आले आणि त्याला घेऊन थेट आमच्याकडे. त्यांच्या हातात गोळ्यांची डबी होती, सोमवार ते रविवार अशी सात खान्यांची. सातही खाने भरलेले. आईने गेल्या खेपेला भरून दिलेली डबी होती ती. वडील काही बोलत नव्हते, नुसती डबी उघडत होते आणि मिटत होते.

मेख अशी की त्या फोनवाल्याचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांवर आयाहुआस्का घेतलं तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन बेफाम वाढून जिवावर बेतू शकतं. लिथियम या बायपोलरवरच्या औषधावर सायलोसायबिन घेतलं तर फिट येण्याचा धोका असतो. पण गोळी कोणती, ती किती आठवड्यांत उतरवायची आणि शरीरातून जायला किती वेळ लागतो, हे डॉक्टरने ठरवायचं. फ्लुओक्सेटिनसारखी गोळी थांबवल्यावरही पाच-पाच आठवडे अंगात रेंगाळते. पंधरा दिवसांचा सरसकट आकडा देणाऱ्याला यातलं काहीच कळत नव्हतं. आणि ज्याला खरंच शिरेतून केटामाइन द्यायचं ठरतं, त्याच्या नैराश्याच्या गोळ्या डॉक्टर बहुतेक वेळा चालूच ठेवतात. त्या मुलाने हे आधी कुणाला तरी विचारलं असतं तर!

सेरेमनी झालीच नाही. त्या शनिवार-रविवारी पाऊस होता म्हणे. पैसे परत आले नाहीत, नंबरही बंद.

मी माझ्यापुरती एक सवय लावून घेतली आहे. नवा माणूस आला की चालू औषधांच्या पट्ट्याच आणायला लावते, नावं तोंडी ऐकत नाही. पट्टीवरच्या रिकाम्या खड्ड्यांवरून खरं काय ते कळतं.

घरातला इतिहास लपवणं

मामाला 'वेड लागलं होतं', आत्या 'महिना महिना झोपायची नाही', या गोष्टी लग्न जमवताना लपवतात तशा इथेही लपवतात. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर घरात असेल तर या औषधांनी आजार उफाळू शकतो. न आटोक्यातलं बीपी असेल तर केटामाइन त्यात भर घालतं. तुमच्या केस पेपरमधलं बाहेर जाणार नाही, गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. बोला.

बोर्डावरची अक्षरं न वाचणं

'ट्रॉमा हीलर', 'प्लांट मेडिसिन गाईड', 'माइंड कोच'. यातलं कुणीही केटामाइन देऊ शकत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा आणि पडताळून बघा. क्रमांक विचारल्यावर ज्याला राग येतो तिथून मी उठून येते, तुम्हीही या.

कुपी घरी आणणं

केटामाइन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे, २०११ पासून एनडीपीएसच्या यादीतही. चिठ्ठीची दुसरी प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते, इतकं ते कडक आहे. "दर वेळी येऊ नका, घरीच घ्या" म्हणणारा तुमची सोय बघत नसतो. वारंवार घेतलं तर लघवीच्या पिशवीची वाट लागते, तेही तो सांगणार नाही.

एकट्याने जाणं

"मला काही होत नाही, ॲक्टिव्हा खालीच आहे." होतं. अमेरिकेत एस्केटामाइनचा, म्हणजे केटामाइनच्याच एका रूपाचा, नाकातला स्प्रे २०१९ मध्ये मंजूर झाला, तो दवाखान्यातच घ्यायचा आणि निदान दोन तास तिथेच थांबायचं, दुसऱ्या दिवशीपर्यंत गाडी चालवायची नाही, असा नियम आहे. मी गाडीची चावी सोबत्याकडे मागते. सोबती नसेल तर अपॉइंटमेंट पुढे.

परदेशाचे दाखले

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक आजारांत एमडीएमए आणि सायलोसायबिन देऊ शकतात, हे खरं. मेलबर्नच्या भावोजींनी पाठवलेली बातमीही खरी. पण ती परवानगी तिथल्या डॉक्टरांना आहे. ॲमस्टरडॅमच्या दुकानात ट्रफल, म्हणजे सायलोसायबिन असलेल्या बुरशीच्या गाठी, उघड विकतात, तेच तुमच्या बॅगेत मुंबईला उतरलं की एनडीपीएस.

अभ्यासाच्या नावाखाली पैसे भरणं

"ट्रायल आहे, तीस हजार भरा" म्हणालं कुणी की आधी नोंदणी क्रमांक मागा. भारतात होणारी औषधांची चाचणी सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंदवावी लागते आणि ती कुणालाही बघता येते.

एका बैठकीत आयुष्य बदलेल अशी आशा

केटामाइनचा गुण एखाद्या दिवसात जाणवू शकतो आणि थोड्याच दिवसांत ओसरूही शकतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांत बऱ्याचदा सहा वेळा देतात, सोबत समुपदेशन चालू. ज्यांना समुपदेशन 'नुसती बडबड' वाटते त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, की मग सलाईनचेही पैसे वाचवा.

आता शोधायचं कसं? तर मशरूम, केटामाइन असलं काही शोधूच नका. औषधांना दाद न देणारं नैराश्य हाताळणारा मानसोपचारतज्ज्ञ शोधा. मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीपासून सुरुवात केली तर खिशालाही परवडतं. जुने केस पेपर तारखेप्रमाणे लावून न्या. कदाचित ते म्हणतील की तुमची आधीची गोळी पुरेशा मात्रेत पुरेसे दिवस चाललीच नव्हती. हे ऐकून खट्टू होऊन दुसरीकडे जाणारे मी पुष्कळ बघितलेत. रात्री-अपरात्री धीर सुटला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीतही बोलतात.

फोन कराल तेव्हा एवढंच बघा: तिकडून पहिल्यांदा काय येतं? तुमच्या बीपीचा आणि चालू गोळ्यांचा प्रश्न, की क्यूआर कोड? त्या मुलाला क्यूआर कोड आला होता, त्याचं पूर्ण नाव विचारायच्या आधी.