जुन्या इंग्रजी लीज डीडमधले शब्द कसे वाचावेत

नागपुरातल्या नझूलच्या (सरकारी जमिनीच्या) किंवा नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) जुन्या प्लॉटची फाइल उघडली, की पहिल्याच ओळीत 'इन्डेंचर', म्हणजे दोन पक्षांमधला दस्त, भेटतो. पूर्वी एकाच कागदावर दोन प्रती लिहून मधून दातेरी कापत. दाते जुळले की दस्त खरा. कात्री गेली, शब्द राहिला.

आधी झेरॉक्स काढा; मूळ दस्ताला पेन्सिलही लावू नका. 'व्हेअरॅज'ने (ज्याअर्थी) सुरू होणारे सगळे परिच्छेद कंसात टाका. जागा कुणाकडून कशी आली, एवढीच ती पार्श्वभूमी. मग 'विटनेसेथ' (साक्ष देतो) शोधा, खरा व्यवहार तिथून सुरू होतो. त्यातला 'एथ' म्हणजे आजच्या क्रियापदाला लागणारा 'एस', आणि त्याचा कर्ता थेट पहिल्या पानावरचा 'धिस इन्डेंचर'. म्हणून दोन-दोन पानं पूर्णविराम सापडत नाही. आपल्या खरेदीखतातलं 'लिहून देतो ऐसाजे' हेच काम करतं, आणि तेही बाहेर कुणी बोलत नाही.

'हिअर' आणि 'देअर'चे जोडशब्द पाठ करत बसू नका. 'हिअर' म्हणजे हा दस्त, 'देअर' म्हणजे नुकतीच उल्लेखलेली गोष्ट. हिअरबाय: या दस्तान्वये. देअरऑफ: त्याचा. 'देअरफॉर' शेवटी 'ई' नसताना दिसला तर टायपिंगची चूक समजून दुरुस्त करू नका. तिथे अर्थ 'म्हणून' नसून 'त्याबद्दल' असतो, बहुधा भाड्याबद्दल.

अवघड शब्दांनी फारसं बिघडत नाही, कारण ते पाहून माणूस शब्दकोश उघडतो. फसवतात ते ओळखीचे. 'डिमाइज्ड प्रिमायसेस'मध्ये कुणी वारलेलं नाही. ती भाडेपट्ट्याने दिलेली जागा. (डिमाइज म्हणजे मुळात हस्तांतर, राजा गेला की गादी हस्तांतरित होते, त्यावरून मृत्यूचा अर्थ चिकटला.) 'डिटर्मिन' म्हणजे ठरवणं नव्हे, पट्टा संपणं किंवा संपवणं, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 111 मध्ये याच अर्थाने आहे. तिथलाच 'एफ्लक्स ऑफ टाइम' म्हणजे मुदत संपणं. 'क्वाएट एन्जॉयमेंट'चा शेजारच्या डीजेशी संबंध नाही, तो निर्वेध ताबा. 'असाइन्स' इथे नाम आहे: ज्यांना हक्क हस्तांतरित झाला ते. आणि 'प्रोव्हायडेड' दिसला की थांबा. त्याच्या आधी दिलेलं काहीतरी तो अटीने बांधतो.

फाइलमधल्या जुन्या पत्रांत तारखेपुढे 'इन्स्टंट' असेल तर तोच महिना, 'अल्टिमो' असेल तर मागचा, 'प्रॉक्सिमो' असेल तर पुढचा. 3 मार्चच्या पत्रात '28 अल्टिमो' म्हणजे 28 फेब्रुवारी. इथे महिना चुकला की नोटिशीची मुदतही चुकते. कोर्टाच्या निकालात मात्र 'इन्स्टंट केस' म्हणजे प्रस्तुत प्रकरण.

शेवटचं परिशिष्ट आधुनिक डोळ्यांनी वाचा: मौजा (गाव), प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), खसरा (भूमापन) नंबर, चतुःसीमा. 'मेस्वेज' आला तर घर, त्याची बाहेरची बांधकामं आणि अंगण मिळून एक धरा.

नवा दस्त करताना यातलं 'हिअरइनआफ्टर' (यापुढे) तेवढं घ्या, कारण त्याने पक्षकाराला एक छोटं नाव मिळतं. पण पहिल्या पानावर 'लेसी' (पट्टा घेणारा) म्हटलं तर सहाव्या पानावर 'टेनन्ट' लिहू नका. हा दुसरा माणूस कोण, असा वाद समोरचा वकील काढू शकतो.