कराड ते मुंबई : तिकिटाचा खर्च मी कसा आटोक्यात आणला

कराडला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असताना मी शुक्रवारी रात्री कोल्हापूर नाक्यावर उभा राहून, जी खासगी स्लीपर थांबेल तिला मागेल ते भाडे देत असे. दिवाळीच्या तोंडावर मात्र एका चालकाने नेहमीच्या तिप्पट रक्कम सांगितली, आणि खिशात तेवढे पैसे नसल्यामुळे मी बॅग उचलून मुकाट्याने एसटी स्थानक गाठले.

त्यानंतर मी नियम वाचून काढले. त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक भाडे खासगी बसने घेऊ नये, असा राज्य शासनाचा 2018 चा निर्णय आहे. तो दाखवून रात्री अकरा वाजता वाद घालण्यात अर्थ नसतो, पण रास्त भाडे किती हे त्यावरून ताडता येते. माझ्या बहिणीला 17 मार्च 2023 पासून एसटीत अर्धेच तिकीट पडते, त्यामुळे तिने खासगी बसकडे पाहणेच सोडले आहे. मला ती सवलत नाही (याबद्दल घरी पुरेशी थट्टा होते). म्हणून मी रात्रीच्या स्लीपरचा हट्ट सोडून शनिवारी पहाटेच्या साध्या लाल गाडीने स्वारगेटला उतरतो आणि तिथून दुसरी गाडी धरतो. पाठ आखडते, दादरला पोहोचेपर्यंत दुपार होते. पण उरलेल्या पैशांत मेसचे चार-पाच दिवस निघतात.