2.4 गिगाहर्ट्झवर वायफाय रखडतंय? खालचे डेटा रेट बंद करा
एकाच चॅनेलवर पाच-सहा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारी उपकरणं) आणि प्रत्येकावर चार-चार एसएसआयडी (वायफायची नावं) आले की निम्मी हवा, म्हणजे चॅनेलचा निम्मा वेळ, बीकनच खातात. बीकन म्हणजे 'हे नेटवर्क इथे आहे' असं सांगणारा छोटा संदेश. प्रत्येक एसएसआयडीचा बीकन साधारण दर 102.4 मिलिसेकंदांनी, तोही सर्वांत खालच्या बेसिक रेटने (जोडणाऱ्या प्रत्येक उपकरणाला यावाच लागतो असा वेग) जातो. 300 बाइटच्या बीकनला 1 एमबीपीएसवर सुमारे अडीच मिलिसेकंद लागतात. 12 वर पाव मिलिसेकंदही नाही.

1. रेडिओ सेटिंगमध्ये 1, 2, 5.5, 6, 9, 11 एमबीपीएस हे डेटा रेट बंद करा.
2. 12 ला बेसिक ठेवा. थेट 24 वर नेण्याची घाई नको.
3. नको असलेले एसएसआयडी काढून टाका. हे फुकटात होतं, तरी कोणी करत नाही.

घरगुती स्वस्त राउटरमध्ये हा पर्याय बहुधा नसतोच.

सांभाळा: फक्त 802.11बी (वायफायचा जुना प्रकार, कमाल 11 एमबीपीएस) चालणारे जुने बारकोड स्कॅनर, प्रिंटर यानंतर जोडलेच जाणार नाहीत. शिवाय टोकाच्या खोलीत फोन नेऊन जोडणी टिकते का पाहा.