गळीत हंगामाच्या तोंडावर लोड न घेणारा ट्रॅक्टर: पंप वाढवण्यापूर्वी करावयाची तपासणी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बेळगाव जिल्ह्यातील निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी आणि अथणी भागात उसाची वाहतूक सुरू होण्याचे वेध लागतात आणि त्याच दिवसांत रब्बीची नांगरट, रोटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) व पेरणी यांचा भारही ट्रॅक्टरवर येऊन पडतो. खानापूरकडचे ट्रॅक्टर तर त्याआधी पावसाळाभर भाताच्या चिखलणीत राबलेले असतात. ‘ट्रॅक्टर लोड घेत नाही’, ‘चढाला इंजिन बसते’ (म्हणजे फेरे पडून दबते) ही तक्रार या काळात हमखास ऐकू येते आणि त्यावर पहिला उपाय म्हणून बहुतेक वेळा डिझेल पंप वाढवून, म्हणजे पंपाचा स्क्रू फिरवून इंजिनात जास्त डिझेल जाईल असे करून, घेतला जातो. आमच्या मते तो पहिला उपाय तर नव्हेच, पण बहुतेक ट्रॅक्टरांच्या बाबतीत शेवटचाही नव्हे. खालील सल्ला यांत्रिक पंप असलेल्या, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या ट्रॅक्टरांसाठी आहे. ५० एच.पी.पेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ चे प्रदूषण नियम लागू झाले असून, ज्यांचा इंधनपुरवठा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालतो त्यांची तपासणी कंपनीच्या स्कॅनरवरच करून घ्यावी.

सर्वप्रथम कमतरता इंजिनात आहे की इंजिनाच्या मागे, हे ठरवावे. लोड आल्यावर इंजिनाचा आवाज खाली न बसता तसाच राहत असेल आणि ट्रॅक्टर मात्र मंदावत असेल, तर क्लच घसरत आहे किंवा चाके जागीच फिरत आहेत असे समजावे. नांगरटीत मागच्या चाकांची १० ते १५ टक्के घसर चालते. त्याहून अधिक असल्यास चाकांत पाणी भरणे, वजने लावणे किंवा झिजलेले टायर बदलणे हा उपाय आहे, इंजिनाला हात लावणे नव्हे. अर्धा-एक किलोमीटर रिकामा ट्रॅक्टर चालवून ब्रेकच्या बाजूला हात जवळ नेऊन पाहावा. एक बाजू तापलेली असेल तर तो ब्रेक सुटत नाही आणि इंजिनाची ताकद तिथेच जिरते. एक्सलरेटर पूर्ण ओढल्यावर पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपपर्यंत जातो की नाही, हेही दुसऱ्या माणसाला बघायला सांगावे. रॉड वाकल्यामुळे किंवा पिन झिजल्यामुळे लिव्हर अर्धा बोट अलीकडेच थांबतो आणि मालक मात्र इंजिन खोलण्याची तयारी करत असतो, असे प्रकार कमी नाहीत.

आवाजासह इंजिनच बसत असेल, तर धुराकडे पाहावे. काळा धूर म्हणजे जळण्यासाठी जेवढी हवा हवी तेवढी मिळत नाही, अथवा डिझेल गरजेपेक्षा जास्त जात आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहत असेल, तर डिझेलमध्ये पाणी, मागे पडलेले टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ), खराब नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा कमी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील हवेचा दाब) यांपैकी काहीतरी आहे. निळसर धूर ऑईल जळत असल्याचे सांगतो. आणि धूर जवळपास नाहीच, तरीही ताकद नाही, अशी स्थिती असेल तर डिझेल पुरेसे पोचत नाही, असा अंदाज बांधावा.

पावसाळ्यानंतर या शेवटच्या प्रकाराचे प्रमाण वाढते. अर्धवट भरलेल्या टाकीत आणि उघड्यावर ठेवलेल्या बॅरलमध्ये ओलाव्यामुळे पाणी साचते. डिझेल फिल्टरखालची वाटी किंवा ड्रेन स्क्रू खोलून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि काही मिनिटे स्थिर ठेवावे; पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते आणि बाटली तिरकी केली की गोळीसारखे सरकते. असे पाणी दिसल्यास टाकीचा तळ पूर्ण रिकामा करावा, केवळ वाटी धुऊन भागत नाही. त्यानंतर फीड पंपाची जाळी साफ करावी, मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांप्रमाणे फिल्टर बदलावेत आणि जुना रबरी पाइप आतून फुगलेला नाही ना, हे पाहावे. असा पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, पण ओढ आली की आतून मिटतो.

टाकीच्या झाकणाकडे बहुधा कोणाचे लक्ष जात नाही. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते. ते चिखलाने, रंगाने किंवा कुंभारीण माशीच्या मातीने बुजले की ट्रॅक्टर सुरुवातीला उत्तम चालतो, अर्ध्या तासाने हळूहळू ताकद सोडतो आणि थोडा वेळ उभा केला की पुन्हा ठीक होतो. ट्रॅक्टर बसू लागताच झाकण सैल करून पाहावे. ‘सुस्स’ आवाज होऊन लगेच फरक पडला, तर तार घालून छिद्र मोकळे करणे एवढीच दुरुस्ती आहे.

डिझेल फिल्टर खोलल्यावर डिझेलच्या मार्गात अडकलेली एअर (हवा) पूर्ण काढावी. प्रथम फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारावा, मग पंपावरचा स्क्रू, आणि गरज असल्यास शेवटी नोझलचे नट. इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलचा नट थोडा सैल केला असता ज्या सिलिंडरला इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही, हे कळते. हे काम जाणत्या मिस्त्रीनेच करावे. उच्च दाबाने सुटलेली डिझेलची धार कातडीच्या आत शिरते आणि जखम दिसायला बारीक असली तरी तातडीने दवाखाना गाठावा लागतो. म्हणून गळती हाताने कधीही चाचपू नये. नोझलचा दाब आणि फवारा टेस्टरवर तपासून घ्यावा. फवाऱ्याऐवजी धार किंवा थेंब पडत असेल, तर काळ्या-पांढऱ्या धुराचे कारण तेथेच सापडते.

हवेच्या बाजूला मुख्य दोषी एअर क्लीनर असतो. ऑईलच्या एअर क्लीनरमधील ऑईल खुणेपर्यंतच असावे आणि धुळीच्या कामात ते रोज पाहावे. कोरड्या प्रकारात बाहेरचा फिल्टर आतून बाहेर कमी दाबाच्या हवेने झाडता येतो. आतला छोटा फिल्टर मात्र झाडू नये, बदलावा. सायलेन्सर काजळीने भरला असेल तरी नवी हवा आत येत नाही. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल आणि पाचट साफ करावे, कारण तापलेले इंजिन ओढीला लवकर बसते.

टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट मॅन्युअलप्रमाणे करावी आणि त्यानंतरच कॉम्प्रेशनचा विचार करावा. ब्रेदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर जोराने येणे, ऑईल वेगाने कमी होणे आणि सकाळी इंजिन सुरू व्हायला त्रास होणे ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील, तर लायनर-पिस्टनचे काम निघाले आहे आणि पंपाच्या कोणत्याही फेरफाराने ते टळणार नाही. उलट ऑईलची पातळी वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंप किंवा मुख्य पंपाचे सील गेल्याचा संशय घ्यावा व ट्रॅक्टर तसाच चालवू नये.

आता पंप वाढवण्याविषयी. १ किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी किमान साडेचौदा किलो हवा लागते, आणि प्रत्यक्ष इंजिनाला त्याहून बरीच जास्त लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवा मुळातच थोडी विरळ आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला साधारण १ टक्का कमी होते, असा ठोकताळा आहे. म्हणजे कोकणात सुरळीत चालणारे तेच इंजिन येथे सात-साडेसात टक्के हलके वाटणे स्वाभाविक आहे. ही उणीव हवेची आहे. पंपाचा सील तोडून स्क्रू फिरवला, तर डिझेल वाढते, हवा वाढत नाही. सुरुवातीला थोडी ओढ वाढल्यासारखी वाटते, पण पुढे काळा धूर, जास्त डिझेल आणि बेसुमार तापलेला एक्झॉस्ट एवढेच पदरात पडते. रिंगा चिकटणे, हेड गॅस्केट जाणे, हेडला तडा जाणे हे त्यापुढचे टप्पे आहेत. गव्हर्नर (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा भाग) ताणून फेरे वाढवणे त्याहूनही धोक्याचे आहे. पंप जुना असेल तर तो टेस्ट बेंचवर कंपनीच्या आकड्यांप्रमाणे लावून घ्यावा. झिजलेल्या पंपाची हरवलेली ताकद यातूनच परत येते.

बाहेरून टर्बो बसवण्याचा मोह तर्काला धरून आहे, कारण तो हवाच वाढवतो. मात्र टर्बोसाठी बनवलेल्या इंजिनात पिस्टन, गॅस्केट, ऑईलपुरवठा आणि कूलिंग वेगळे असते, आणि वाढलेली ताकद सोसण्याची जबाबदारी पुढे क्लच, गिअरबॉक्स व मागच्या एक्सलवर येते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल मनमानीने करता येत नाहीत आणि अपघातानंतर विमा अडकू शकतो.

त्यापेक्षा अवजाराचा मेळ बसवावा. इंजिनावर लिहिलेली ४५ एच.पी. पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर) साधारण ३८ ते ४० एवढीच मिळते, आणि रोटर निवडताना हाच आकडा धरावा. काळ्या चिकट रानात रोटरची रुंदी कमी घेणे, पलटी नांगराची खोली कमी करून दोन पाळ्यांत काम करणे किंवा एक गिअर खाली घेणे यांतून बसणारे इंजिन पुन्हा मोकळे चालते. डबल ट्रॉलीच्या बाबतीत चढ चढेल एवढा नव्हे, तर उतारावर ब्रेकने थांबेल एवढाच ऊस भरावा.

हंगाम सुरू झाल्यावर पंप आणि नोझलच्या दुकानांत गर्दी होते, म्हणून ही कामे पहिल्या तोडणीआधी उरकावीत. लायनर-पिस्टन नवे बसवले असल्यास पहिले ५० तास हलक्या व मध्यम कामावर चालवावे, इंजिन तासन्‌तास रिकामे मंद चालू ठेवू नये, आणि ते तास पूर्ण होताच ऑईल व ऑईल फिल्टर बदलून मगच ट्रॅक्टरला डबल ट्रॉली जोडावी.