वर्गणीतून पाणलोटाचे काम काढताना

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात गावाचा अर्धा कारभार गावाबाहेर चालतो. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोने-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेत. माण-खटावची घरे मुंबई-पुण्याला आहेत. जतच्या वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात. बाहेरून वर्गणी आली, जोडीला एखाद्या संस्थेचे मशीन किंवा कंपनीचा सीएसआर (समाजकामासाठीचा निधी) मिळाला, की गावात पहिला प्रश्न असतो तो जेसीबी कधी येणार याचा. जेसीबी सगळ्यात शेवटी. आधीची कामे राहिली तर खोदाई होते, फोटो निघतात आणि पाणी ओढ्याकाठच्या चार विहिरींत जाऊन बसते.

आधी वही

घरटी एक ओळ लिहा. बाहेर कोण आहे, कुठे, कोणत्या महिन्यात जातो-येतो, गावात मागे कोण राहते, सातबारा कोणाच्या नावावर, विहीर किंवा बोअर आहे का, जनावरे किती. तीनशे घरांच्या गावाला चार पोरांना आठवडा लागतो. नोव्हेंबरात किती घरांना कुलूप असते आणि शाळेचा पट कितीने उतरतो, हे दोन आकडे वेगळे काढून ठेवा. शेवटी तेच कामाला येतात.

या वहीवरून सभेची तारीख ठरते. मुंबईकर यात्रेला येतात, म्हणून यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सभा ठेवा. कुस्त्यांच्या दिवशी ठेवली तर कोरमही होत नाही. तोडकरी तोवर परतलेले असतात का तेही वहीत बघा. नसतील तर त्यांच्यासाठी मे महिन्यात दुसरी बैठक घ्या. त्यांच्या गैरहजेरीत केलेल्या ठरावावर पुढे हमखास भांडण होते.

सगळ्यात जास्त वेळ संमतीपत्रांना जातो. पाणी अडवायचे चर, म्हणजे उताराला आडव्या खणलेल्या चाऱ्या, गायरानात घ्यायचे असतील तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि महसूल किंवा वनखात्याची परवानगी लागते. खासगी रानात मात्र सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाची सही हवी. एका गटावर सहा-सात नावे, त्यातली दोन ठाण्यात, एक सुरतेत, बहिणी सासरी, असे सर्रास असते. कसणारा भाऊ "मी बघतो" म्हणतो. तेवढ्यावर मशीन घालू नका. काम अर्ध्यावर असताना मुंबईहून फोन येतो, मशीन थांबते आणि भाडे चालूच राहते. यात्रेत माणसे भेटतात तेव्हाच सह्या उरका. घरी राहणारी बाई शेती बघत असेल आणि जमीन फक्त नवऱ्याच्या नावावर असेल, तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली तिचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचा अर्ज याच फेरीत तलाठ्याकडे द्या. ठिबकचे अनुदान असो की पीककर्ज, सातबाऱ्यावर नाव नसले की तिला हात हलवत परत यावे लागते.

पैसा कोणत्या वाटेने घ्यायचा

सरपंचाच्या किंवा मंडळाच्या अध्यक्षाच्या खासगी खात्यावर वर्गणी घेऊ नका, माणूस कितीही चोख असला तरी. नोंदणीकृत संस्थेचे खाते, तिघांच्या सह्या, त्यातली एक गावात राहणाऱ्या बाईची. देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेला आयकर खात्याची मान्यता (80जी) लागते, आणि दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही. कंपनीचा पैसा आणायचा तर काम करणाऱ्या संस्थेचा सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी झालेली असावी. गावचे यात्रा मंडळ यात बसत नाही.

परदेशातल्या पैशात गावे जास्त फसतात. भारतीय पासपोर्ट असलेला गावकरी दुबईत असो की अमेरिकेत, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. तोच तिकडचा नागरिक झाला असेल तर धरले जातात, मूळ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी. अशी देणगी परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदलेली संस्थाच घेऊ शकते, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यावर. शिवाय 2020 च्या दुरुस्तीनंतर ती संस्था हे पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. तेव्हा "तुमच्याकडे घ्या आणि आम्हाला द्या" हा मार्ग बंद आहे. त्या संस्थेनेच काम करावे आणि बिलेही तिच्याच नावाने निघावीत.

जमलेल्या रकमेतले दहा ते पंधरा टक्के डागडुजीसाठी बाजूला काढून मुदत ठेवीत टाका. देणगीदारांना हे आवडत नाही, त्यांना नावाची पाटी हवी असते. पाटी लावा, पण ठेव मोडू नका.

पाण्याचा हिशेब आणि ठराव

एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला म्हणजे 10,000 लिटर. 1,000 हेक्टरच्या शिवारात 450 मिलिमीटर पडला तर 450 कोटी लिटर. हा आकडा ऐकून सभा खूश होते. त्यातले बरेचसे उन्हाने उडते, पिकाला लागते आणि ओढ्याने निघून जाते, हे त्याच दमात सांगा. मग दुसरा हिशेब मांडा. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागते. 2,000 लोकवस्तीला माणशी रोज 55 लिटर धरले तर वर्षाला चार कोटी लिटर. म्हणजे दोन हेक्टर उसाने अख्ख्या गावाचे वर्षाचे पिण्याचे पाणी संपते. फळ्यावर खडूने हे दोनच आकडे लिहून ठेवले तरी ठरावाला बळ येते.

ठरावात तीन गोष्टी असाव्यात: नवीन बोअर नाही, पिण्याच्या विहिरीजवळ तर नाहीच; उसाला मर्यादा, आणि असेल तो ठिबकवर; तिसरी, भूमिहीनांचा वाटा. तिसरीवरच सभा अडते. सांगली जिल्ह्याला हा विषय नवा नाही. येरळा नदीवरचे बळीराजा धरण खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी चळवळीतून बांधले, तेव्हा भूमिहीनांनाही पाण्यात हक्क हे तत्त्व आधी मान्य झाले होते. काम संपल्यावर कोणी स्वतःच्या विहिरीतले पाणी सोडत नाही. सोडायचे वचन घ्यायचे तर ते खोदाईआधीच.

श्रमदानाबाबतही तसेच. ज्याला गुंठाभर रान नाही त्याने महिनाभर रोज बुडवून दुसऱ्याची विहीर का भरायची? त्याला मजुरी द्या, किंवा ते काम रोजगार हमीत घ्या. श्रमदान विहीरवाल्यांनी करावे.

समतल चर

काम माथ्यापासून पायथ्याकडे. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने 2016 च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत, पहिला नंबर मिळवला. तेव्हापासून या भागातल्या पोराटोरांनाही चर माहीत आहेत. तरी चुका होतातच, आणि बहुतेक आखणीत होतात.

सात फुटी दोन सरळ काठ्या वर एकत्र बांधा, मध्ये चार फुटी आडवी काठी. शेंड्यावरून दोरीला दगड लोंबता सोडा. चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण करा. मग चौकट फिरवून पायांच्या जागा बदला, पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर पक्की खूण करा, ती समपातळी. आता एक पाय रोवून दुसरा पुढे टाकत न्या, दोरी पक्क्या खुणेवर आली की तिथे फक्कीचा ठिपका. वारा असेल तर दगड जड घ्या, नाहीतर सकाळीच आखणी उरका.

चर 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल काढला तर एका मीटरमध्ये 180 लिटर पाणी थांबते, शंभर मीटरमध्ये 18,000. माती उताराच्या बाजूला, चराच्या काठापासून वीतभर-दीड वीत जागा सोडून टाका. काठावरच टाकली तर पहिल्याच वळवात परत चरात येते. दर दहा-पंधरा मीटरवर फूटभर जागा न खोदता राखा. आखणी हातभर जरी चुकली तरी सगळे पाणी एका टोकाला धावते, तिथे भराव फुटतो आणि पुढच्या वर्षी तिथे ओघळ पडलेली असते. मधले बंध असतील तर नुकसान तेवढ्याच तुकड्यात राहते.

भरावावर स्टायलो किंवा मारवेल गवत लावा. चराईबंदीचा ठराव करताना मेंढपाळांना सभेला बोलवा आणि कोणता डोंगर कोणत्या वर्षी मोकळा राहील ते त्यांच्याशी ठरवा. परस्पर बंदी घातली तर गवतही राहत नाही आणि भराव तुडवले जातात.

ओढा आणि गाळ

आपल्याकडचा खडक काळा कातळ. पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि तडकलेल्या थरात असते. ओढा अखंड खोल खणत गेला तर त्याचा पाट होतो आणि आजूबाजूच्या मुरमातले पाणीही तो ओढून नेतो. तीन मीटरच्या आसपास थांबा, कातळ लागला तर त्याआधीच, आणि मध्येमध्ये न खोदलेले बांध सोडा.

तलावातला गाळ काढताना भरावाच्या पायथ्यापासून किती अंतर सोडायचे ते जलसंधारणच्या अभियंत्याकडून लिहून घ्या. गाळाचा हिशेब ब्रासमध्ये होतो, एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. एकरावर तीन इंच थर द्यायचा तर सुमारे 109 ब्रास लागतो. शेतकरी वीस-पंचवीस ट्रॉल्या टाकून एका कोपऱ्यात ढीग करतो, त्याचा उपयोग होत नाही. अर्धा एकर का होईना, पूर्ण पसरा.

मशीन संस्थेचे आणि डिझेल गावाचे, अशी वाटणी असेल तर पहिल्या दिवशी टाकी काठोकाठ भरा, आठ तास चालवा, परत काठोकाठ भरा. तासाचा खप कळला की रोज मीटरचे सुरुवातीचे आणि शेवटचे रीडिंग लिहायचे, खाली ऑपरेटरची आणि गावातल्या एकाची सही. या वहीशिवाय डिझेलचे बिल मंजूर करू नका.

मोजणी

पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सगळे चर चालत बघा, फुटलेले भराव त्याच आठवड्यात नीट करा. त्यासाठीच ठेवीचे व्याज.

गावातल्या दहा विहिरी निवडा: पाच ओढ्याकाठच्या, पाच माळावरच्या. कठड्यावर लाल रंगाची खूण करा आणि दर महिन्याच्या एक तारखेला, पहाटे मोटर सुरू व्हायच्या आत, वजन बांधलेला टेप खुणेपासून पाण्यापर्यंत सोडून अंतर लिहा. ओढ्याकाठच्या चढल्या आणि माळावरच्या तशाच राहिल्या तर ठराव पाळला जात नाही किंवा माथ्याचे काम अपुरे आहे. नोव्हेंबरात पुन्हा कुलपे मोजा, शाळेचा पट बघा, आणि तीन वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहून यात्रेच्या सभेत वाचा. मुंबईकरांना पुढची वर्गणी मागायची ती हे वाचून झाल्यावर.