पक्षाघात: या चुका टाळा, दवाखान्याच्या वाटेवरही आणि घरी आल्यावरही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुणाच्या अंगावरून वारं गेलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: औषध कुठं चांगलं देतात? कुणी झाडपाल्याचं गाव सुचवतं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. तोवर मेंदूतली गुठळी जागची हललेली नसते. बहुतेक पक्षाघात मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यानं होतात, बाकीचे वाहिनी फुटल्यानं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आता गावठी औषधानं गुण येतो असं लोक शपथेवर सांगतात, ते खोटं बोलत नसतात. चेहऱ्याची नस सुजून तोंड वाकडं होण्याचा एक वेगळाच विकार आहे. तो बहुतेकांचा काही आठवड्यांत सुधारतो, पाला खाल्ला तरी आणि न खाल्ला तरी. दुसरं म्हणजे छोटा झटका. गुठळी क्षणभर अडकते, सुटते आणि दहा-पंधरा मिनिटांत हातात ताकद परत येते. श्रेय काढ्याला जातं. खरं तर अशा झटक्यानंतर मोठा पक्षाघात येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. "बरं वाटलं" म्हणून अर्ध्या वाटेतून गाडी मागं फिरवणं ही म्हणूनच सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे.

ओळखण्यात कुठं चुकतं

दुखत नाही, म्हणून थांबतात. पक्षाघातात बहुधा कुठंच दुखत नाही. छातीत कळ आली तर घर धावतं. हातातून पेला सुटला तर "झोप नीट झाली नसेल" म्हणून सोडून देतात.

तपासणी मिनिटभराची आहे. समोर बसवा आणि म्हणा, "तात्या, दात दाखवून हसा बघू." ओठाचा एक कोपरा खाली राहतो का पाहा. मग "दोन्ही हात समोर धरा, तळवे वर, डोळे मिटा" आणि मनात दहा मोजा. एक हात हळूहळू खाली यायला लागला किंवा तळवा आत वळला तर ती खूण आहे. शेवटी एक साधं वाक्य म्हणायला लावा: "आज मंगळवार, संतीचा बाजार आहे." शब्द अडखळतात का, भलतेच येतात का? यातली एक खूण दिसली तरी निघायचं, तिन्हींची वाट पाहायची नाही. अचानक तोल जाणं, एकाएकी दोन-दोन दिसणं, एका डोळ्यापुढं अंधार, कधी नव्हे इतकी डोकेदुखी ही लक्षणंही त्यातलीच. तोंडच वाकडं असेल तरी ते नसेचं की मेंदूचं हे घरी ठरवत बसू नका.

वाक्य घरच्या भाषेत म्हणायला लावा. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्याची एक भाषा जास्त बिघडू शकते. दवाखान्यात प्रश्न कन्नडमध्ये आले आणि उत्तर नीट आलं नाही, तर रुग्ण आधी कोणती भाषा किती बोलायचा हे नातेवाइकांनीच सांगायला हवं. पुढं वाचा-उपचारही घरच्या भाषेतच मागून घ्या.

निघताना

वेळ चुकीची सांगितली जाते. घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. रात्री 10 वाजता नीट बोलून झोपला आणि पहाटे 5 वाजता हात लुळा दिसला, तर "5 वाजता झालं" सांगू नका, 10 सांगा. वेळ टळली असं वाटलं तरी जायचंच. मोठी गुठळी नळीवाटे काढण्याची प्रक्रिया निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंतही करता येते.

तोंडात काही घालू नका: पाणी नाही, साखर नाही, चहा नाही. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात, घोट फुप्फुसात उतरतो. इकोस्प्रिन किंवा डिस्प्रिन, म्हणजे रक्त पातळ करणारी ॲस्पिरिनही नको. वाहिनी फुटली असेल तर रक्तस्राव वाढेल, आणि गुठळी की फुटणं हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणंही घातक. बीपी एकदम उतरलं की मेंदूला मिळणारं उरलंसुरलं रक्तही तुटतं. मधुमेही असेल आणि घरी यंत्र असेल तर साखर तपासा. साखर फार उतरली तरी लक्षणं अशीच दिसतात. आकडा लिहून न्या. शुद्ध हरपत असेल किंवा उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

108 ला फोन करताना आधी जिल्हा, तालुका, मग गाव सांगा. सीमेलगत मोबाइल पलीकडच्या टॉवरवर असेल तर फोन दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो. जवळच्या नर्सिंग होममध्ये सलाईन लावून "बघू सकाळी" करण्यात रात्र जाते. निघता-निघता फोनवर दोनच प्रश्न विचारा: सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का? गुठळीचं इंजेक्शन तिथं देतात का? बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल ही मोठी ठिकाणं आहेत. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं. कणकुंबी-जांबोटीकडून पावसाळ्यात निघायचं तर वाटेतच बराच वेळ जातो, तेव्हा भाऊबंद जमण्याची वाट पाहू नका.

सोबत घ्यायचं ते इतकंच: चालू गोळ्यांची पाकिटं (रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आवर्जून सांगा), आधार आणि रेशनकार्ड. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत तातडीच्या रुग्णाला रेफरल चिठ्ठी लागत नाही. सीमेपलीकडच्या दवाखान्यात मात्र कार्ड चालेलच असं धरून चालू नका. दाखल करा आणि पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनिसाला गाठा.

घरी आणल्यावर

इथं चुका प्रेमापोटी होतात. उठवताना लुळा हात धरून ओढतात. खांद्याचा सांधा स्नायूंनीच धरलेला असतो. ते ढिले पडले की तो खाली सरकतो आणि दुखणं महिनोन्‌महिने राहतं. कमरेला धरा, खुर्ची चांगल्या बाजूला ठेवा. बसल्यावर लुळ्या हाताखाली उशी द्या. मुठीत रबरी चेंडू देऊन दिवसभर दाबायला लावणं हा लोकप्रिय उद्योग आहे, पण हात आधीच आखडत असेल तर मूठ आणखी घट्ट होते. बोटं उघडण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. शेकाची पिशवीही जपून, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही.

भरवताना पाठ सरळ, अर्धा चमचा, गिळल्यावरच पुढचा घास, आणि जेवणानंतर अर्धा तास बसलेलंच ठेवा. घास घेताना ठसका किंवा आवाज घोगरा होत असेल तर पातळ पाणी-चहा थांबवून डॉक्टरांना विचारा. नाकातली नळी असेल तर भरवताना आणि नंतर अर्धा-एक तास डोक्याकडची बाजू उंच ठेवा. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कुशी बदलून द्या. माकडहाड आणि टाचा रोज पाहा. लाल चट्टा दाबल्यावर पांढरा होत नसेल तर जखमेची ती सुरुवात आहे.

"बीपी नॉर्मल झालं" म्हणून गोळी बंद करतात. नॉर्मल झालं ते गोळीमुळंच. निपाणी भागात तंबाखू सोडायचं म्हणजे विडी सोडायची असं समजतात, पण आजीची मिश्रीही तंबाखूच आहे. मीठ दिवसाला सगळं मिळून चहाचा एक चमचाभर, त्यात लोणचं-पापड धरून.

रुग्ण रडतो, चिडतो, व्यायाम टाळतो, आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्याला उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, फोन लागल्यावर मराठी मागा. रात्रंदिवस करणाऱ्या सुनेनं किंवा बायकोनंही तिथं स्वतःसाठी बोलावं. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. दुखणं स्थिरावल्यावरही 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व राहिलं तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी अर्ज करा. निवृत्तिवेतन आणि प्रवास सवलतीला ते लागतं. डिस्चार्जचे कागद आणि सीटीची फिल्म तोवर एकाच पिशवीत ठेवा, आणि त्यांच्या झेरॉक्स वेगळ्या.