रोमची रात्र कशी अनुभवावी

रोममध्ये रात्रीची मजा म्हणजे क्लब आणि डिस्को, असं धरून चालू नका. ते आहेत, पण या शहराची रात्र खरी रंगते ती उघड्यावर: चौकांत, कारंज्यांच्या पायऱ्यांवर, नदीकाठी. तिथे कॉलेजची पोरं असतात, हातात हात घालून फिरणारी म्हातारी जोडपी असतात आणि अकरा वाजतासुद्धा बाबागाडीत टक्क जागी असलेली बाळं असतात. त्यामुळे दारू न पिणाऱ्यांनी किंवा मुलांना घेऊन गेलेल्यांनी हॉटेलच्या खोलीत बसून राहण्याचं काही कारण नाही. माझा आग्रह एवढाच की एका रात्री एकच वस्ती धरा आणि ती पायी फिरा. चार ठिकाणं गाठण्याच्या नादात रात्र बसमध्ये जाते.

आधी दुपारी झोप काढा

इटली आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. म्हणजे जूनमध्ये रोमला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेबारा झालेले असतात. नव्याने पोचलेल्या माणसाचे डोळे नेमके जेवणाच्या वेळी मिटायला लागतात, म्हणून पहिले दोन-तीन दिवस दुपारी तासभर पडाच. पायात सपाट, जाड तळव्याचे बूट हवेत. जुन्या रोमचे रस्ते काळ्या दगडाच्या चौकोनी ठोकळ्यांनी बांधलेले आहेत, फटी मोठ्या आणि पाऊस पडला की घसरडे. उंच टाचा त्यात हमखास अडकतात.

वस्ती निवडा

पहिल्यांदा जात असाल तर नदीपलीकडचं त्रास्तेवेरे. गल्ल्या अरुंद, गर्दी भरपूर, सांता मारिया चर्चसमोरच्या चौकात गाणारे-वाजवणारे. पियात्सा वेनेत्सियाहून ८ नंबरची ट्राम थेट नेते. गर्दी नकोशी वाटत असेल तर कोलोसियमजवळचं मोंती बघा. तिथल्या छोट्या चौकातल्या कारंज्याभोवती मंडळी ग्लास घेऊन पायऱ्यांवर बसतात आणि तासन्‌तास गप्पा मारतात. मेट्रोचं कावूर स्टेशन जवळ आहे. सान लोरेंत्सो विद्यार्थ्यांचं, त्यामुळे स्वस्त. पिन्येतोत पर्यटक कमी भेटतात.

साडेसहा-सातला आपेरितीवो

जेवणाआधी काहीतरी हलकं पिणं आणि सोबत थोडं खाणं, हा इथला रोजचा रिवाज. पेयासोबत ऑलिव्ह, वेफर्स येतात, काही ठिकाणी पावाचे छोटे तुकडे आणि चीजही. स्प्रित्झ (वाइन आणि सोडा घातलेलं हलकं कॉकटेल) सगळीकडे मिळतं. नेग्रोनी हे जिनचं कॉकटेल मात्र कडक असतं, रिकाम्या पोटी जपून. दारू घेत नसाल तर क्रोदीनो किंवा सानबित्तेर मागा. दोन्ही बिनदारूची, किंचित कडवट, त्याच दिमाखात बर्फ घालून आणून देतात. इथे घाई करू नका. एका ग्लासावर तासभर बसलात तरी सहसा कोणी उठवत नाही.

जेवण साडेआठनंतर

बहुतेक खानावळींची चूल संध्याकाळी सात-साडेसातच्या आधी पेटत नाही आणि रोमचे लोक साडेआठ-नऊला येतात. शुक्रवारी-शनिवारी टेबल आधी सांगून ठेवा. ब्रेडची टोपली मागितल्याशिवाय आली तरी बिलात लागू शकते, हे लक्षात असू द्या. शाकाहारी मंडळींसाठी काचो ए पेपे (चीज आणि काळी मिरी घातलेला पास्ता) आणि पिझ्झा मार्गेरिता हे ठरलेले आधार आहेत. पण कडक शाकाहारी असाल तर पेकोरीनो रोमानो चीज कोकराच्या जठरातल्या विरजणाने बनतं, हे जाणून मगच ठरवा. सुप्पली म्हणजे भाताचा तळलेला गोळा, आत वितळलेलं मोझरेला. त्याच्या टोमॅटोच्या रश्श्यात बरेचदा मांस असतं, तेव्हा ‘सेंत्सा कार्ने?’ (मांसाशिवाय?) एवढं विचारून घ्या.

मग चाला

रात्रीचा सर्वांत सुंदर भाग हा, आणि फुकटही. त्रास्तेवेरेहून पोंते सिस्तो या पायी पुलावरून नदी ओलांडा, काम्पो दे फियोरीतून पियात्सा नावोनाला या. तिथे मधोमध बेर्निनीने १६५१ साली पूर्ण केलेलं चार नद्यांचं कारंजं आहे. चार खंडांच्या चार नद्या माणसांच्या रूपात बसवल्या आहेत आणि आशियासाठी त्याने निवडली ती आपली गंगा. हातात लांब वल्हं धरलेला दाढीवाला पुरुष शोधा, तीच गंगा. रात्री खालून पडलेल्या उजेडात त्याच्या पायाचे स्नायूसुद्धा स्पष्ट दिसतात. पुढे पँथिऑन हे प्राचीन देऊळ, आणि शेवटी त्रेव्हीचं कारंजं. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते. मध्यरात्रीनंतर गेलात तर पाण्याचा आवाज ऐकू येतो. कारंज्यात पाय बुडवलेत किंवा स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध जिन्यावर बसलात तर दंड होतो. तहान लागली तर रस्त्यावरच्या लोखंडी नळांचं पाणी बिनदिक्कत प्या. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, ओंजळ धरावी लागत नाही.

उन्हाळ्यात गेलात तर आणखी दोन गोष्टी. जूनच्या मध्यापासून तिबेर नदीच्या काठावर खाली स्टॉल लागतात, आणि काराकल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत उघड्यावर ऑपेरा होतो. तिथली ही परंपरा १९३७ पासूनची. नदीवरच्या तिबेरीना बेटाजवळ ग्रात्ताकेक्काच्या टपऱ्या असतात. आपल्या बर्फाच्या गोळ्याचीच बहीण, फक्त काडीऐवजी ग्लासात. बर्फाची लादी लोखंडी खरवडणीने हाताने खरवडतात, वर सिरप आणि फळं. लिंबू-नारळाची मागा. मात्र १५ ऑगस्टच्या आसपास वस्त्यांमधली बरीच दुकानं आणि खानावळी सुट्टीवर जातात.

नाचायचं असेल तर तेस्ताच्चो

तेस्ताच्चो या वस्तीतले क्लब मध्यरात्रीच्या आधी ओस असतात, एकनंतर भरतात. प्रवेशाच्या पैशांत अनेकदा एक पेय धरलेलं असतं. दारूसाठी वय १८ पूर्ण लागतं. तेस्ताच्चोची टेकडी मुळात टेकडी नाहीच. प्राचीन रोमला स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून येणाऱ्या ऑलिव्ह तेलाचे माठ पुन्हा वापरता येत नसत, कारण भिनलेलं तेल खवट होई. ते फोडून इथे रचले, आणि खापरांचा ढीग सुमारे ३५ मीटर उंच झाला. त्याच्या पोटात खोदलेल्या तळघरांत आज खानावळी आणि क्लब आहेत. काहींत भिंतीला काच लावली आहे, तिच्यामागे एकावर एक बसलेल्या खापरांचे थर दिसतात. नाचायचं नसेल तरी एवढं पाहायला जा.

एकट्या पुरुष पर्यटकाला गोड बोलून ‘चल, माझ्या ओळखीचा बार आहे’ म्हणत नेणं आणि अव्वाच्या सव्वा बिल हातात ठेवणं, हा या शहरातला जुना धंदा आहे. सरळ नाही म्हणा. अडचणीत ११२ फिरवा.

परतीची सोय

मेट्रो एरवी साडेअकरापर्यंत, शुक्रवारी-शनिवारी दीडपर्यंत. कामांमुळे कधी ती लवकर बंद होते, म्हणून जातानाच स्टेशनवरची सूचना वाचा. पुढे रात्रीच्या बस असतात, त्यांच्या नंबराआधी ‘एन’ अक्षर असतं. दीड युरोचं तिकीट १०० मिनिटं चालतं, पण त्यात मेट्रोचा प्रवास एकदाच. बसमध्ये चढताच ते यंत्रात लावा, आणि बस दिसली की हात करा, नाहीतर ती थांबेलच असं नाही. टॅक्सी पांढरी, छतावर पाटी आणि मीटर असलेलीच घ्या, शक्यतो स्टँडवरून. बसला वेळ असेल तर रात्रभर उघडी असलेली एखादी बेकरी शोधा, तिथे भट्टीतून नुकतेच निघालेले कोर्नेत्तो (क्रोसाँसारखे गोड पाव) मिळतात. क्रीम भरलेला घ्या.